संगणकातल्या व्हिडिओ फाइल्स घरच्या टीव्हीवर : कमी खर्चाचा मार्ग, पायरीपायरीने

लग्नामुंजीचे चित्रण, शाळेच्या स्नेहसंमेलनातली मुलांची नाटुकली, मोबाइलवर टिपलेली अष्टविनायकाची सहल, एखाद्या व्याख्यानाची किंवा कीर्तनाची ध्वनिचित्रफीत असे कितीतरी व्हिडिओ आज घरोघरच्या लॅपटॉपमध्ये आणि हार्ड डिस्कवर पडून असतात. लॅपटॉपच्या छोट्या पडद्याभोवती दाटीवाटीने बसण्याऐवजी ते दिवाणखान्यातल्या टीव्हीवर सगळ्यांनी मिळून पाहावेत असे वाटणे स्वाभाविक आहे. पण दुकानात चौकशी केली की ‘तुमचा टीव्ही जुना झाला, आता स्मार्ट टीव्ही घ्या’ हाच सल्ला बहुधा ऐकू येतो. नातेवाइकांच्या आणि ओळखीच्यांच्या घरी ही जुळवाजुळव करून दिल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे की अडचण सहसा टीव्हीत नसते, ती फाइलमध्ये असते, आणि फाइल दुरुस्त करायला एक पैसाही लागत नाही. म्हणून पुढच्या पायऱ्या फुकटाकडून खर्चाकडे अशा क्रमाने लावल्या आहेत. जिथे काम होईल तिथे थांबावे. पुढच्या पायरीवर जाण्याचे कारण नाही.

येथे सांगितलेले सारे आपण स्वतः केलेल्या किंवा रीतसर मिळवलेल्या व्हिडिओंसाठी आहे.

हाताशी काय असावे

- टीव्हीची माहितीपुस्तिका. हरवली असल्यास टीव्हीच्या मागच्या चिकटपट्टीवरचा मॉडेल क्रमांक, ज्यावरून कंपनीच्या संकेतस्थळावर ती पुस्तिका मिळते
- १६ किंवा ३२ जीबीचा एक पेन ड्राइव्ह
- संगणकावर व्हीएलसी (व्हिडिओ पाहण्यासाठी) आणि हँडब्रेक (फाइल बदलण्यासाठी) हे दोन मोफत प्रोग्राम, त्यांच्या मूळ संकेतस्थळांवरून उतरवून घेतलेले
- गरज पडल्यास दीड ते तीन मीटरची एचडीएमआय केबल

१. आधी टीव्हीची मागची बाजू पाहा

काहीही विकत घेण्यापूर्वी टीव्ही भिंतीपासून थोडा पुढे ओढून, टॉर्च घेऊन त्याच्या मागचे आणि बाजूचे सगळे पोर्ट नीट पाहून घ्या आणि मोबाइलवर त्यांचा फोटो काढून ठेवा. तो फोटो पुढे दुकानात केबल घेतानाही उपयोगी पडतो. आपल्याला तीन गोष्टी शोधायच्या आहेत. चपटा, आयताकृती यूएसबी पोर्ट असेल, तर पेन ड्राइव्हने काम होण्याची शक्यता आहे. खालचे दोन कोपरे तिरके कापलेला एचडीएमआय पोर्ट असेल, तर लॅपटॉप थेट जोडता येईल. आणि फक्त पिवळी, पांढरी, लाल अशी तीन गोल भोके, म्हणजे एव्ही पोर्ट, असतील, तर टीव्ही जुन्या पिढीचा आहे. त्याच्यासाठीची सोय सातव्या पायरीत आहे.

यूएसबी पोर्टच्या शेजारी ‘सर्व्हिस’ असा शब्द छापलेला असेल, तर तो पोर्ट बहुधा दुरुस्ती करणाऱ्यांसाठी असतो आणि त्यावरून व्हिडिओ चालत नाहीत. काही जुन्या टीव्हींचा यूएसबी पोर्ट केवळ छायाचित्रे आणि गाणी वाचतो. यासाठीच माहितीपुस्तिका हवी. तिच्या शेवटच्या काही पानांत टीव्हीला कोणत्या व्हिडिओ फाइल्स चालतात याचा एक बारीक अक्षरांतला तक्ता असतो. संपूर्ण पुस्तिकेतले हे सर्वांत मोलाचे पान आहे. त्याचा फोटो काढून ठेवा.

टीव्ही ‘एचडी रेडी’ आहे की ‘फुल एचडी’, हेही पाहून घ्या. बत्तीस इंची एचडी रेडी टीव्हीचा पडदा सहसा १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांचा असतो. अशा टीव्हीसाठी फोरके, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांच्या, फाइल्स जपण्यात काहीच फायदा नाही. ७२० ओळींची फाइल त्यावर जवळजवळ तितकीच सुरेख दिसते आणि पेन ड्राइव्हवर जागाही फार कमी घेते.

२. पेन ड्राइव्ह लावून पाहा

हा सर्वांत स्वस्त आणि घरातल्या ज्येष्ठांना सर्वांत सोपा मार्ग आहे, कारण एकदा पेन ड्राइव्ह तयार करून दिला की पुढे फक्त रिमोट लागतो. फाइल पेन ड्राइव्हवर कॉपी करा, तो संगणकातून ‘इजेक्ट’ करूनच बाहेर काढा, टीव्हीला लावा आणि रिमोटवरचे ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ बटण दाबून यूएसबी निवडा.

पेन ड्राइव्ह दिसलाच नाही, तर त्याचे फॉरमॅट तपासा. संगणकात पेन ड्राइव्हच्या चिन्हावर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडले की ‘फाइल सिस्टम’ या ओळीत ते लिहिलेले असते. फॅट३२ हे फॉरमॅट जवळजवळ प्रत्येक टीव्ही वाचतो, परंतु त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल मावत नाही. मोबाइलवर फुल एचडीत चित्रण करताना दर सेकंदाला साधारण १७ मेगाबिट माहिती साठते, म्हणजे जेमतेम अर्ध्या तासाच्या चित्रणातच ही मर्यादा गाठली जाते. पेन ड्राइव्हवर भरपूर जागा असूनही ‘फाइल फार मोठी आहे’ असा संदेश येतो तो यामुळे. एनटीएफएस आणि एक्सफॅट या दोन फॉरमॅटना ही अडचण नाही. त्यांपैकी एक्सफॅट जुन्या टीव्हींना बहुधा वाचता येत नाही, तर एनटीएफएस त्यांतल्या बऱ्याच टीव्हींना वाचता येते. त्यामुळे मोठी फाइल असेल आणि टीव्ही जुना असेल, तर एनटीएफएस करून पाहावे. पेन ड्राइव्हला फॉरमॅट मारला की त्यावरचे सगळे पुसले जाते, तेव्हा आधी त्यातला मजकूर दुसरीकडे काढून ठेवा.

येथे दोन ठिकाणी विशेष जपावे लागते. काही टीव्ही आणि सेट टॉप बॉक्स कार्यक्रम रेकॉर्ड करण्याची सोय देतात आणि पेन ड्राइव्ह लावताच ‘हे उपकरण वापरण्यासाठी फॉरमॅट करायचे का’ असे विचारतात. या प्रश्नाला होकार दिला तर आतले सगळे व्हिडिओ जातात. रिमोट हाती असणाऱ्या प्रत्येकाला हे सांगून ठेवा आणि लग्नाच्या चित्रणाची एकमेव प्रत टीव्हीला कधीही लावू नका. दुसरे असे की पोर्टेबल हार्ड डिस्क टीव्हीला लावल्यावर नुसती टकटक आवाज करत असेल, तर तिला पुरेशी वीज मिळत नाही. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर वीज देण्यासाठी बनवलेला असतो आणि काही डिस्कना फिरायला लागताना त्याहून जास्त लागते. तो आवाज ऐकू येताच डिस्क काढून घ्या. पुन्हा पुन्हा लावून पाहिल्याने ती बिघडू शकते.

३. फाइल चालत नाही, म्हणजे नेमके काय चालत नाही?

बहुतेक जण याच टप्प्यावर हात टेकतात, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो. फाइलच्या नावापुढे एमपीफोर, एमकेव्ही किंवा एव्हीआय असे जे लिहिलेले असते, ते फक्त डब्याचे नाव असते. त्या डब्यात चित्र एका पद्धतीने आणि आवाज दुसऱ्या पद्धतीने भरलेला असतो, आणि या पद्धतींना कोडेक म्हणतात. टीव्हीला डबा ओळखता आला तरी आतला पदार्थ पचेलच असे नाही. एकाच पेन ड्राइव्हवरच्या दोन एमपीफोर फाइल्सपैकी एक चालते आणि दुसरी चालत नाही, याचे कारण हेच आहे. फाइलचे नाव बदलून, म्हणजे एमकेव्ही पुसून तिथे एमपीफोर लिहून, आतले काहीही बदलत नाही.

आत काय आहे ते व्हीएलसी दाखवतो. फाइल व्हीएलसीत उघडा, ‘टूल्स’ या यादीतून ‘कोडेक इन्फर्मेशन’ निवडा. समोर येणाऱ्या चौकटीत चित्राची आणि आवाजाची अशा वेगवेगळ्या नोंदी असतात. चित्राच्या नोंदीत एच२६४ किंवा एव्हीसी दिसले, तर बहुतेक टीव्हींना ते चालते. हे कोडेक २००३ सालापासून रूढ आहे. एचईव्हीसी किंवा एच२६५ दिसले, तर सावध व्हा. ते २०१३ साली आले, फोरके टीव्हींना ते सहसा चालते, मात्र त्याआधीच्या आणि स्वस्त एचडी रेडी टीव्हींवर ‘फाइल नॉट सपोर्टेड’ असा संदेश येतो किंवा काळ्या पडद्यावर नुसता आवाज येतो. एव्ही१ हे कोडेक त्याहून नवे, २०१८ चे आहे आणि जुन्या टीव्हींना ते चालतच नाही.

आवाजाच्या नोंदीत एएसी किंवा एमपीथ्री असेल तर चिंता नाही. ए५२ असे लिहिलेले असेल तर तोच डॉल्बीचा एसीथ्री होय आणि तोही बहुतेक टीव्हींना चालतो. पण तिथे डीटीएस असेल, तर चित्र स्वच्छ दिसते आणि आवाज मात्र अजिबात येत नाही, असा अनुभव येतो. डीटीएससाठी परवाना शुल्क भरावे लागत असल्यामुळे अनेक कंपन्यांनी ती सोय आपल्या टीव्हींमध्ये दिलेली नाही. अशा वेळी टीव्हीचा स्पीकर बिघडला असे समजून कुणाला दुरुस्तीसाठी बोलावू नका.

मोबाइलवर केलेले चित्रण टीव्हीवर चालत नाही, अशी तक्रार हल्ली वरचेवर ऐकू येते. आयफोन २०१७ पासून मूळ सेटिंगमध्ये एचईव्हीसी वापरतात. त्यात ‘सेटिंग्ज’, ‘कॅमेरा’, ‘फॉरमॅट्स’ या क्रमाने जाऊन ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडले की पुढचे चित्रण एच२६४ मध्ये होते. अनेक अँड्रॉइड फोनच्या कॅमेऱ्यातही ‘हाय एफिशियन्सी व्हिडिओ’ अशा नावाचा पर्याय असतो, तो बंद करावा. घरी कार्य असेल तर ज्यांच्या फोनवर चित्रण होणार आहे त्यांच्याकडून हे आदल्या दिवशीच करून घ्या; पुढचा सगळा खटाटोप वाचतो.

४. फाइल बदलून घ्या

हँडब्रेक हा प्रोग्राम विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतो, मोफत आहे आणि त्यात चित्रावर उमटणारा शिक्का (वॉटरमार्क) किंवा वेळेची मर्यादा असे काही नसते. इंटरनेटवर ‘मोफत व्हिडिओ कन्व्हर्टर’ म्हणून शोधल्यावर पहिल्या काही ओळींत जे दिसते त्यातले बरेच प्रोग्राम पाच मिनिटांचा व्हिडिओ बदलून नंतर पैसे मागतात, म्हणून शोधून सापडेल ते उतरवून घेऊ नका.

हँडब्रेकमध्ये फाइल उघडल्यावर पुढील क्रमाने जा.

पहिल्यांदा प्रीसेटच्या, म्हणजे तयार सेटिंग्जच्या, यादीतून ‘फास्ट १०८०पी३०’ निवडा. टीव्ही एचडी रेडी असेल तर ‘फास्ट ७२०पी३०’ पुरते. ‘फॉरमॅट’ पुढे एमपीफोर आहे ना, याची खात्री करा.

मग ‘व्हिडिओ’ या टॅबवर जाऊन कोडेक एच२६४ ठेवा. शेजारी ‘कॉन्स्टंट क्वालिटी’ नावाची पट्टी असते. तिच्यावरचा आकडा जितका लहान तितके चित्र चांगले आणि फाइल मोठी. फुल एचडीसाठी २० ते २४, तर जुन्या डीव्हीडीच्या दर्जाच्या चित्रासाठी १८ ते २२ या दरम्यानचा आकडा योग्य ठरतो. त्याच टॅबवर ‘फ्रेम रेट’ पुढे ‘सेम अ‍ॅज सोर्स’ ठेवून त्याखालचा ‘कॉन्स्टंट’ हा पर्याय निवडा. मोबाइलचे चित्रण कमीजास्त वेगाने साठवलेले असते आणि तसेच ठेवले तर काही टीव्हींवर हळूहळू ओठ आणि आवाज यांची फारकत होत जाते. गाण्याच्या कार्यक्रमात हे फार खटकते.

‘ऑडिओ’ टॅबवर एएसी आणि ‘स्टिरिओ’ निवडा.

आता सर्वांत महत्त्वाचे: पूर्ण फाइल लगेच बदलायला घेऊ नका. वरच्या बाजूला ‘रेंज’ अशी चौकट असते, तिथे ‘सेकंद्स’ निवडून ० ते १२० लिहा आणि फक्त दोन मिनिटांचा तुकडा तयार करून तो पेन ड्राइव्हवरून टीव्हीवर चालवून पाहा. तो नीट चालला की मगच पूर्ण फाइल लावा. जुन्या लॅपटॉपवर तासाभराच्या चित्रणाला तासभर किंवा त्याहून अधिक वेळ लागू शकतो. फाइल्स बऱ्याच असतील तर एकेक करून ‘अ‍ॅड टू क्यू’ दाबा, चार्जर लावा, लॅपटॉप गादीवर न ठेवता टेबलावर ठेवा आणि रात्रभर काम चालू द्या. मूळ फाइल मात्र पुसू नका. प्रत्येक वेळी रूपांतर करताना चित्राचा थोडा कस जातो आणि पुढे चांगला टीव्ही आला तर मूळ फाइलच हवी असते.

फक्त आवाज चालत नसेल, म्हणजे चित्र एच२६४ आहे आणि आवाज डीटीएस आहे अशी स्थिती असेल, तर चित्राला हात लावण्याची गरज नसते. एव्हिडीमक्स या दुसऱ्या मोफत प्रोग्राममध्ये फाइल उघडून डाव्या बाजूला ‘व्हिडिओ आउटपुट’ पुढे ‘कॉपी’ तसेच ठेवा, ‘ऑडिओ आउटपुट’ पुढे एएसी किंवा एसीथ्री निवडा, शेवटी एमपीफोर किंवा एमकेव्ही निवडून फाइल साठवा. चित्र जसेच्या तसे उचलले जात असल्यामुळे दर्जा कमी होत नाही आणि तासाभराचे काम काही मिनिटांत होते.

५. लग्नाच्या जुन्या सीडी-डीव्हीडी

वीसएक वर्षांपूर्वीच्या लग्नांचे चित्रण आज घरोघरी सीडी किंवा डीव्हीडीवर आहे आणि त्या तबकड्या बुरशी लागून किंवा चरे पडून वाचेनाशा होण्याआधी हे काम उरकून घ्यावे, असे मला मनापासून वाटते. नव्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसतो. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह कुणाकडून चार दिवसांसाठी मागून आणला तरी पुरते.

डीव्हीडी उघडल्यावर ‘व्हिडिओ टीएस’ नावाचा फोल्डर दिसतो आणि त्यात व्हीओबी प्रकारच्या, प्रत्येकी साधारण १ जीबीच्या फाइल्स असतात. बरेच जण यांतली पहिली मोठी फाइल तेवढी उचलतात आणि मंगलाष्टकांच्या मध्येच चित्रण तुटले म्हणून घाबरतात. एकच चित्रण सलग अनेक फाइल्समध्ये विभागलेले असते, म्हणून संपूर्ण फोल्डर संगणकावर कॉपी करावा आणि हँडब्रेकमध्ये ‘फोल्डर’ हा पर्याय वापरून तो अख्खा उघडावा. मग ‘टायटल’ च्या यादीतून सर्वांत जास्त लांबीचे शीर्षक निवडावे. आपल्याकडच्या डीव्हीडी पाल पद्धतीच्या, म्हणजे ५७६ ओळींच्या आणि सेकंदाला २५ चित्रांच्या असतात, आणि त्यातल्या ओळी एकाआड एक अशा दोन फेऱ्यांत टिपलेल्या असतात. त्यामुळे सपाट पडद्यावर नवरानवरी हलली की त्यांच्या कडांना फणीच्या दातांसारख्या रेघा दिसतात. ‘फिल्टर्स’ टॅबवर ‘डीइंटरलेस’ पुढे ‘डीकोम्ब’ निवडले की त्या जातात. चित्राची उंची-रुंदी स्वतः बदलू नका, ती आपोआप ठरू द्या; नाहीतर माणसे बुटकी किंवा उंचाडी दिसतात.

व्हीसीडी असेल तर ‘एमपीईजीएव्ही’ नावाच्या फोल्डरमधल्या डीएटी फाइल्स हव्या असतात. त्यांतले चित्र मुळातच ३५२ गुणिले २८८ एवढे लहान असते. ते एमपीफोरमध्ये आणता येते, परंतु मोठे करून सुधारत नाही, तेव्हा त्यासाठी पैसे घेणाऱ्यांच्या नादी लागू नका.

६. एचडीएमआय केबलने लॅपटॉप थेट जोडा

फाइल बदलण्याइतका वेळ नसेल, तर ही वाट धरावी. यात फाइल लॅपटॉप वाचतो आणि टीव्ही केवळ पडद्याचे काम करतो, त्यामुळे व्हीएलसीला चालणारे सगळे काही टीव्हीवर दिसते. चित्र आणि आवाज दोन्ही एकाच केबलमधून जातात. घरगुती अंतरासाठी दोनतीनशे रुपयांची केबल पुरेशी असते. सोन्याचा मुलामा असलेली हजार रुपयांची केबल घेतल्याने चित्र अधिक चांगले दिसत नाही, कारण यातून अंक जातात आणि ते एक तर पोचतात किंवा पोचत नाहीत.

केबल लावण्यापूर्वी टीव्ही आणि लॅपटॉप दोन्ही बंद करा आणि शक्य असेल तर लॅपटॉपच्या चार्जरला नीट अर्थिंग असलेले तीन पिनांचे सॉकेट द्या. आपल्याकडच्या अनेक जुन्या घरांत अर्थिंग नावापुरतेच असते, केबल टीव्हीच्या वायरीतूनही थोडा करंट येतो, आणि चालू स्थितीत केबल खुपसताना एचडीएमआय पोर्ट जळण्याचे प्रकार घडतात. धातूच्या भागाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी वायरमनला दाखवा.

जोडून झाले की टीव्हीवर योग्य एचडीएमआय क्रमांक निवडा, कीबोर्डवर विंडोजची कळ धरून पी दाबा आणि ‘डुप्लिकेट’ किंवा ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ निवडा. आवाज लॅपटॉपमधूनच येत राहिला, तर खाली उजवीकडच्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करून यादीतून टीव्हीचे नाव निवडावे लागते. चित्राच्या कडा कापल्या जात असतील, तर टीव्हीच्या चित्रविषयक सेटिंगमध्ये ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘जस्ट स्कॅन’ असा पर्याय शोधा.

लॅपटॉपला एचडीएमआय नसून फक्त टाइप-सी पोर्ट असेल, तर जोडपट्टी (अ‍ॅडॅप्टर) विकत घेण्यापूर्वी तो पोर्ट चित्र बाहेर पाठवतो की नाही हे तपासा. टाइप-सी आकाराचे सगळे पोर्ट ते काम करत नाहीत. पोर्टजवळ डिस्प्लेपोर्टचे किंवा विजेच्या बाणासारखे थंडरबोल्टचे चिन्ह असेल तर काम होते. चिन्ह नसेल तर लॅपटॉपच्या मॉडेलची माहिती वाचूनच पैसे खर्च करा. जुन्या लॅपटॉपचा निळा, पंधरा छिद्रांचा व्हीजीए पोर्ट आवाज नेत नाही. टीव्हीलाही व्हीजीए असेल तर एक व्हीजीए केबल आणि हेडफोनच्या भोकातून जाणारी आवाजाची वेगळी वायर, अशा दोन वायरी लागतात.

७. फक्त एव्ही असलेला जुना टीव्ही

मागून फुगीर असलेला जुना टीव्ही अजूनही नीट चालत असेल तर त्याच्यासाठी दोन स्वस्त सोयी आहेत. एक म्हणजे एचडीएमआयचे एव्हीत रूपांतर करणारी काडेपेटीएवढी डबी. ती साधारण चारपाचशे रुपयांना मिळते. दुकानात अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन डब्या असतात: एक एचडीएमआय टू एव्ही आणि दुसरी एव्ही टू एचडीएमआय. आपल्याला पहिली हवी. एकीचे काम दुसरी करत नाही. डबीला ५ व्होल्टची वीज लागते, ती मोबाइलच्या चार्जरवरून द्या, आणि बाजूला असलेला छोटा खटका ‘पाल’ कडे सरकवा. ‘एनटीएससी’ कडे असेल तर काही जुन्या टीव्हींवर चित्र कृष्णधवल दिसते किंवा वरखाली सरकते.

दुसरी सोय अनेकांच्या घरात आधीच असते. दूरदर्शनच्या फ्री डिशच्या अनेक सेट टॉप बॉक्सना यूएसबी पोर्ट असतो आणि रिमोटवर ‘यूएसबी’ किंवा ‘मीडिया’ असे बटण असते. बॉक्स एमपीईजी-४ प्रकारचा असेल तर चौथ्या पायरीत तयार केलेली एच२६४ फाइल त्यावर चालण्याची चांगली शक्यता असते. जुन्या एमपीईजी-२ बॉक्सकडून ती अपेक्षा ठेवू नये. यूएसबी असलेल्या जुन्या डीव्हीडी प्लेअरवर मात्र एमपीफोर सहसा चालत नाही. त्याला ७२० गुणिले ५७६ पर्यंतची, एक्सव्हिड कोडेकची एव्हीआय फाइल लागते, आणि ती एव्हिडीमक्समधून करता येते.

काही सपाट टीव्हींवर तीन भोकांऐवजी हेडफोनसारखे एकच ‘एव्ही इन’ भोक असते. त्याला लागणाऱ्या वायरीची आतली जोडणी प्रत्येक कंपनी वेगळी ठेवते. चित्राऐवजी घरघर ऐकू आली, तर पिवळ्या पिनेची जागा लाल किंवा पांढऱ्या पिनेला देऊन पाहा.

८. मराठी सबटायटल्स

व्हिडिओचे नाव आणि सबटायटल्सचा मजकूर असलेल्या एसआरटी फाइलचे नाव अक्षरशः सारखे ठेवून दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवल्या की टीव्ही सबटायटल्स दाखवतो. देवनागरीच्या बाबतीत मात्र एवढ्याने भागत नाही. अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हे किंवा भलतीच चिन्हे दिसली, तर एसआरटी फाइल नोटपॅडमध्ये उघडून ‘सेव्ह अ‍ॅज’ करताना ‘एन्कोडिंग’ पुढे यूटीएफ-८ निवडा. तरीही चौकोन दिसत असतील किंवा जोडाक्षरे फुटून ऱ्हस्व वेलांटी भलत्या जागी जात असेल, तर टीव्हीत देवनागरीची सोय नाही, असे समजावे. अशा वेळी हँडब्रेकच्या ‘सबटायटल्स’ टॅबवर एसआरटी फाइल आणून ‘बर्न इन’ वर खूण करा. मग अक्षरे चित्राचाच भाग होतात आणि कोणत्याही टीव्हीवर शुद्ध दिसतात. ऐकू कमी येणाऱ्या आजीआजोबांसाठी एवढे कष्ट जरूर घ्यावेत.

९. वायरीशिवाय

टीव्ही आणि संगणक एकाच वायफायवर असतील, तर विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमधले ‘मीडिया स्ट्रीमिंग ऑप्शन्स’ चालू करून संगणकातला व्हिडिओंचा फोल्डर टीव्हीच्या सोर्स यादीत आणता येतो. या पद्धतीला डीएलएनए म्हणतात. यात फाइल टीव्हीच वाचतो, म्हणजे तिसऱ्या पायरीतले कोडेकचे नियम येथेही लागू होतात. जेलीफिन हा मोफत प्रोग्राम संगणकावर बसवला तर व्हिडिओ चालू असतानाच तो फाइल बदलून पाठवू शकतो, पण त्यासाठी टीव्हीवर त्याचे अ‍ॅप लागते आणि संगणकही दमदार हवा. विंडोजची कळ आणि के दाबून पडदाच टीव्हीवर पाठवता येतो. छायाचित्रांसाठी ते ठीक आहे, लांब व्हिडिओसाठी अडखळते.

१०. विकत घ्यायचेच असेल तर

वरचे काहीच जमत नसेल आणि टीव्हीला एचडीएमआय असेल, तर अडीच ते पाच हजार रुपयांतली टीव्ही स्टिक किंवा अँड्रॉइड टीव्ही बॉक्स घ्यावा. त्यावर व्हीएलसी किंवा कोडी हे मोफत अ‍ॅप टाकले की एचईव्हीसी फाइल्सही चालतात. आपले व्हिडिओ पेन ड्राइव्हवर असतील तर यूएसबी पोर्ट असलेला बॉक्स निवडा. पुष्कळ स्टिकना तो नसतो आणि पेन ड्राइव्ह लावायला वेगळी जोडवायर घ्यावी लागते.

बाजारात हजार-दीड हजारात ‘सगळे चॅनेल फुकट’ असे सांगून विकले जाणारे बिननावाचे बॉक्स घेऊ नका. अशा काही बॉक्समध्ये कारखान्यातूनच घातक प्रोग्राम भरलेले आढळले आहेत आणि जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने त्याबाबत जाहीर इशाराही दिला होता. ज्या वायफायवरून आपण बँकेचे व्यवहार करतो, त्यावर असे उपकरण असणे धोक्याचे आहे. बॉक्सवर गूगलचे प्रमाणित अँड्रॉइड टीव्ही किंवा गूगल टीव्ही आहे का, हे खोक्यावर वाचून घ्या, पक्के बिल मागा, आणि परत करण्याची मुदत संपण्याआधी आपल्याकडची सर्वांत मोठी आणि सर्वांत अडेलतट्टू फाइल त्यावर शेवटपर्यंत चालवून पाहा.